बर्टभाऊ आणि बेबीची कडी

बालाघाटात त्या काळी अमेरिकन गवयाचा एकच चाहता होता, आणि तो मँगनीजच्या खाणीवर पंप दुरुस्त करायचा. ते माझे वडील.

खाणीवरचा गोरा साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्यानं बाबांना एक ग्रामोफोन दिला आणि अकरा रेकॉर्डी दिल्या. (मायला वाटलं होतं, निदान एखादं कपाट तरी देईल. ती पुढं कित्येक वर्षं म्हणायची, "साहेब गेला अन् बोंबलनारा मानूस ठेवून गेला.") अकराही रेकॉर्डी एकाच गवयाच्या. गिटार वाजवत गाणारा तिकडच्या खेड्यापाड्यातला माणूस, रेकॉर्डीवर नाव भलतं लांबलचक. पण साहेब त्याला बर्ट म्हणायचा, म्हणून आमच्या घरात तो झाला बर्टभाऊ.

बाबांना इंग्रजी येत नव्हतं. पण त्यांनी त्या अकरा रेकॉर्डी आवाजावरून वयाप्रमाणं लावल्या, मागं खडूनं आकडे घातले आणि त्यातून बर्टभाऊचा सगळा जीवनपट उभा केला! रोज संध्याकाळी खाणीवरून सायकलनं यायचे, हातपाय धुवायचे आणि ओसरीवर बसून एकेक रेकॉर्ड लावायचे. आजूबाजूचे दोन-चार जण येऊन बसत. बाबा समजावून सांगत.

"ही एक नंबर. आवाज पाह्य कसा गोऱ्ह्यासारखा. मिसरूडबी नाही फुटलं अजून."

"चार नंबर. आता हात बसला गिटारीवर. चार लोक ओळखाले लागले त्याले."

"पाच नंबर. आयका, बाई आली का नाही संगं गायाले? लगन झालं!"

सहाव्या रेकॉर्डीत बर्टभाऊ मध्येच गळ्यात पाय घसरल्यासारखा आवाज काढायचा. "उड्लेईऽऽ ईहीऽऽ!" असा काहीतरी. तिथं बाबा डोळे मिटून म्हणत, "बायकोनं काही फेकून मारलं त्याले." सातवीत बाई गेलेली. आठवीत बर्टभाऊ एकटा, आगगाडीत. अकरावीत आवाज थकलेला, सावकाश, प्रार्थनेसारखा. ती लागली की बाबा डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवत. एका संध्याकाळी एका माणसाचा सगळा जन्म ऐकून व्हायचा, मध्ये एकदा चहा!

"पन तुमाले समजते तरी का बाबा, तो का म्हनते ते?" असं मी विचारायचो.

"शब्द नाही समजत. पन हा मानूस कामावरून आल्यावर गाते रे," बाबा म्हणत. "बसल्या जागी गानारे निराळे."

हे मला पटायचं नाही. कारण मी नागपूरहून इंग्रजी विषय घेऊन बी.ए. झालो होतो! (तिसऱ्या वर्गात. पण ते कोणी विचारत नसे, आणि मी सांगत नसे.) शिवाय पासष्टच्या सुमारास मी बालाघाटच्याच एका शाळेत इंग्रजीचा मास्तर म्हणून लागलो होतो. तेव्हा चार लोकांसमोर मी बाबांना टोकायचो, "बाबा, उगाच काही सांगू नका. अर्थ वेगळा आहे त्याचा." लोक विचारत, "मग काय आहे, गुर्जी?" मी म्हणे, "ते फार खोल आहे." आणि सायकल काढून निघून जायचो. खरी गोष्ट अशी होती की बर्टभाऊचं इंग्रजी मला ओ का ठो कळत नव्हतं. माझं सगळं इंग्रजी गाईडातलं. बर्टभाऊ बोलायचा नाकातून, निम्मे शब्द गिळायचा आणि उरलेले ताणायचा. गाईडात ताणलेले शब्द नव्हते!

माझं हे पितळ झाकलेलंच राहिलं असतं. पण माझ्यासाठी वारासिवनीहून स्थळ आलं.

मुलीचे वडील सुखदेवजी तिथल्या तहसिलीबाहेर बसणारे अर्जनवीस. बाकावर बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. उलट्या प्रश्नांची सवय अशी, की 'जय भीम' केला तरी 'काहून?' असं विचारतील अशी भीती वाटायची. आमचं घर पाहायला म्हणून ते एका रविवारी सकाळच्या गाडीनं आले. सोबत त्यांची धाकटी बहीण, मुलीची आत्या. पांढरं लुगडं, जाड भिंगाचा चष्मा, तोंडात सुपारी. या बाईंनी आल्यापासून "बसते ना मी इथीसाच" एवढंच एक वाक्य उच्चारलं आणि भिंतीला टेकून बसल्या. त्यांचं जन्माचं काम कुठल्याशा मिशनच्या दवाखान्यात दाईचं, एवढंच सुखदेवजींनी सांगितलं. मी मनात म्हटलं, बिचारी.

चिन्नोर तांदळाचा भात झाला, वरण झालं, मायनं केलेले वडे झाले. सगळं छान चाललं होतं. सुखदेवजी ढेकर देऊन म्हणाले, "पोरगा शांत दिसते." बाबांना राहवलं नाही. "शांत? अजी, इंग्रजीचा मास्तर आहे! थांबा, तुमाले आमच्या बर्टभाऊचं गानं आयकवतो. अर्थ परभू सांगंन. मी चुकीचा सांगतो म्हने!"

"बाबा, कशाला उगाच..."

"नाही नाही, आयकू द्या," सुखदेवजी पुढं सरसावले. "इंग्रजी गान्याचा अर्थ मराठीत सांगनारा मानूस मी आजपावेतो पाह्यला नाही."

(त्या दिवशीही ते पाहणार नव्हते.)

ग्रामोफोन लागला की शेजारी येतातच. दोन्ही खिडक्या भरल्या. एक बाई तर कडेवर लेकरू घेऊन दारात उभी राहिली. बाबांनी आठ नंबर लावली. बर्टभाऊ गात होता आणि मी कपाळाला आठ्या घालून ऐकत होतो. एक शब्द पकडता येईना! गाणं संपलं. सगळे माझ्याकडं पाहू लागले. तेव्हा मी गाईडातलं ते वाक्य काढलं, जे मी बी.ए.ला प्रत्येक कवितेखाली लिहिलं होतं.

"कवीला निसर्गाची ओढ आहे."

"असं!" सुखदेवजी म्हणाले. "कोन्ता निसर्ग?"

"डोंगर. आणि नदी."

"मग मधात त्यानं रेल्वेची शिट्टी काहून वाजवली?"

"नदीच्या काठानं रेल्वे जाते."

"वैनगंगेसारखं," खिडकीतून कोणीतरी मदत केली.

"हौ, एकदम तसंच!" मी म्हणालो.

आत्याबाई जोरात खोकल्या. मी मोठ्या मायेनं म्हणालो, "आत्याबाई, पानी देऊ का? तुमाले कंटाळा येत असंन. हे इंग्रजी आहे ना."

"नाही बाबू," त्या पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "चालू द्या. मले तं लय गोड लागून राह्यलं."

या एका वाक्यानं मी फुगलो. बाबा पुढची रेकॉर्ड काढत होते. "सहा नंबर लावा," मीच म्हणालो! का म्हणालो? कारण सहाव्या रेकॉर्डीतले चार शब्द मला ओळखू येत होते. बेबी, डोअर, शूज आणि व्हिस्की. चार खांब असले की मांडव घालता येतो, असा माझा हिशोब होता.

बाबा जरा चाचरले. "परभू, याच्यात मले तं वाटे का बायकोनं त्याले..."

"बाबा, तुम्ही थांबा जरा."

गाणं झालं. मी घसा साफ केला. "हे वात्सल्याचं गाणं आहे. बाप आपल्या लहान मुलीला म्हणतो आहे, बेबी, दार उघड, मी आलो."

"वा," सुखदेवजी म्हणाले. मग त्यांच्यातला अर्जनवीस जागा झाला. "बेबी किती वर्षाची?"

"असंन... दोन-तीन."

"अन् घरात एकटीच हाय?"

"नाही, नाही. आई आहे ना."

"मग आई काहून नाही उघडत दार?"

"ती झोपली."

"दार ठोठावून राह्यला तरी झोपली?"

"थकली. दिवसभर काम असते बाईले," मी म्हणालो. (दारा-खिडक्यांतल्या बायांनी माना हलवल्या. मला जरा बरं वाटलं.)

"बरं. मग दोन वर्षाच्या लेकराचा हात कडीले पुरन का?"

 खिडकीतल्या पंधरा-वीस डोळ्यांनाही हाच प्रश्न पडलेला दिसत होता. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अमेरिकेत कड्या खाली असतात."

"खाली?"

"हौ. लेकरांसाठी. गुडघ्याएवढ्या."

"क्या बात है!" खिडकीतून आवाज आला. "पाह्य बाप्पा, लेकराइची कशी सोय केली त्याहीनं!" दुसरा म्हणाला, "अन् चोर?" त्याला कोणीतरी गप्प केलं.

सुखदेवजींनी चष्मा पुसला. "अन् व्हिस्की म्हनला ना तो? तो शब्द मले समजते. तहसिलीत रोज एखादा अर्ज असते तसा."

"ती औषध म्हणून. बेबीला सर्दी झाली. छातीले चोळाले."

"अन् जोडे?"

"बापानं आणले. बेबीसाठी. बाजारातून."

"अन् ते शेवटी का किंचाळला?"

आता माझा वेग असा होता की थांबणं हातात राहिलं नव्हतं. "ते किंचाळणं नाही! तिकडं लेकराला हसवायला बाप असा आवाज काढतात. पद्धत आहे. असं..." आणि मी, बी.ए., मास्तर, नियोजित जावई, भर ओसरीवर उभा राहिलो, मान वर केली आणि ओरडलो,

"उड्लेईऽऽ ईहीऽऽ!"

दारातल्या बाईच्या कडेवरचं लेकरू, खरोखरची दोन वर्षांची बेबी, ते दचकलं आणि जे रडू लागलं ते थांबेचना. "अमेरिकेतलं हसते ना," त्याची माय म्हणाली, "आमचं नाही हसत गुर्जी!" आणि ती त्याला घेऊन पळाली. परसातली कोंबडी फडफडत कौलावर चढली. माय हातातली परात तशीच धरून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "का झालं रे? लागलं का तुले?"

आणि तेवढ्यात भिंतीजवळून विचित्र आवाज आला. आत्याबाई! हसताहसता सुपारी घशात गेली होती. मी धावलो, पाठ चोळली, पाण्याचा गडू दिला. त्यांनी दोन घोट घेतले, डोळे पुसले, चष्मा नीट केला आणि माझ्याकडं पाहून म्हणाल्या,

"बेबी इज हिज वाइफ, मास्टर."

 त्या लुगड्यातून, त्या सुपारीच्या तोंडातून, बर्टभाऊच्या उच्चारात इंग्रजी आलं होतं! तसंच नाकातून, तसंच ताणलेलं.

"आमच्या दवाखान्यातली मडम याच्याच मुलखातली," आत्याबाई म्हणाल्या. "तिच्यापाशी याच्या रेकॉर्डी होत्या. पंचवीस वर्सं आयकलं मी. ते लोक बायकोले बेबी म्हनतात, गुर्जी. हा पिऊन आला. तिनं दार लावून घेतलं. हा म्हनते, बेबी, दार उघड, माहा एक जोडा आत आहे. आता नाही पेनार. ती म्हनते, कालबी हेच म्हनलतास. हा म्हनते, मग निदान जोडा तरी फेक. तं तिनं खिडकीतून फेकला. तो याच्या डोक्यात बसला, म्हून किंचाळला!"

"मी म्हनलो नव्हतो का?" बाबा टुणकन उभे राहिले. "फेकून मारलं म्हनलो नव्हतो मी? सगळे गवाह आहेत!" खिडकी एका आवाजात म्हणाली, "हौ, म्हनलते, म्हनलते!"

सुखदेवजींचा चेहरा मात्र अर्जाच्या कोऱ्या कागदासारखा होता. "अन् तो निसर्ग, बाई?"

"कायचा निसर्ग, दादा? जेलात आहे तो. जेलाच्या खिडकीतून रेल्वेची शिट्टी आयकू येते, अन् याले घराची याद येते."

नदी आटली, डोंगर बसला. मी चटईकडं पाहत होतो. खिडकीतली माणसंही आता हसत नव्हती, आणि ते जास्त वाईट होतं. आत माय लग्नाची बोलणी मोडली असं समजून निमूटपणे पराती आवरू लागली होती. भांड्यांचा आवाज मला ऐकू येत होता. मुलीचा फोटो माझ्या खिशात होता. दोन आठवड्यांपासून होता. तो आता परत द्यावा लागेल, हे एकाएकी लक्षात आलं.

"गुर्जी," आत्याबाई म्हणाल्या, "खरं सांगा. किती समजलं होतं?"

मी बाबांकडं पाहिलं. ते पाठ करून उपरण्यानं रेकॉर्ड पुसत होते. पुसलेलीच पुन्हा पुसत होते, माझ्याकडं पाहावं लागू नये म्हणून.

"चार शब्द," मी म्हणालो. "बेबी, डोअर, शूज, व्हिस्की. पहिल्या गाण्यातला एकबी नाही. अन् बाबाले मी चार लोकांत अडाणी ठरवत होतो. त्याहिले माह्यापेक्षा जास्त समजते."

 आत्याबाई हसल्या. "मी पयल्या वर्षी 'गुड नाइट' म्हंजे दिवा इझवा असं समजत होती. मडमनं गुड नाइट म्हनलं का मी कंदील फुंकू. ती चार दिवस अंधारात ठेचकाळली, तवा मले समजलं." आणि भावाकडं वळून त्या म्हणाल्या, "दादा, पोट्टा खोटं बोलते, पन त्याले जमत नाही. असा जवाई बरा. घरात लपून काही राहनार नाही."

सुखदेवजींनी विचार केला.  मग त्यांनी मला एकच उलटा प्रश्न विचारला, "शाळेत मुलाइले कड्याचं नाही ना सांगतलं काही?"

"नाही जी."

"मग चालते," ते म्हणाले, आणि मायनं आत हातातली परात एकदाची खाली ठेवली.

बाबांना लग्न ठरल्याचं भानही नव्हतं. ते आत्याबाईंसमोर सगळ्या रेकॉर्डी घेऊन बसले होते. बारक्या पोरानं विचारावं तसं एकेक विचारत होते. सातवीत ती कुठं गेली? माहेरी. परत आली का? नाही आली. दहावीत तो कोणाला हाक मारतो? आपल्या मेलेल्या खेचराला. "खेचर!" बाबांनी कपाळाला हात लावला. "मी पोरगा समजत होतो." शेवटी अकरावी लावली. टोपी काढली. आत्याबाई हळू आवाजात एकेक ओळ सांगत होत्या, की काम झालं, अवजारं धुऊन ठेवली, आता मला घरी जाऊ दे. 

रेकॉर्ड थांबल्यावर बाबांनी विचारलं, "आहे का तो अजून?"

"गेला म्हने," आत्याबाई म्हणाल्या. "मडमले कागद आलता. लय वर्सं झाली."

बाबांनी रेकॉर्ड खाली उतरवली. मग त्यांनी टोपी घातली, एक नंबरची रेकॉर्ड शोधून काढली आणि लावली. गोऱ्ह्यासारख्या आवाजात, मिसरूड न फुटलेला बर्टभाऊ पुन्हा गाऊ लागला. बाबा म्हणाले, "हा पाहा, आला." आणि आत्याबाईंनी पुन्हा पदर लावला, या वेळी डोळ्याला, हसू नसताना.

लग्न वारासिवनीला झालं. नवरदेवाला ओरडून दाखवण्याचा आग्रह मांडवात सात वेळा झाला. (मी फक्त दोनदा ओरडलो.) आत्याबाईंनी एक गोष्ट मात्र आमच्यापासून लपवून ठेवली होती. सुट्ट्यांमध्ये भाची त्यांच्याकडं राहायची आणि मडमकडून इंग्रजी शिकायची. निर्मला, म्हणजे माझी बायको, घरात आली त्याच आठवड्यात ती बाबांना बर्टभाऊची गाणी शब्द न् शब्द समजावून सांगू लागली. बाबा खूश, माय खूश. मायनं तर सहाव्या नंबरचा अर्थ ऐकून त्या बाईच्या नेमाचं कौतुकच केलं. रोज संध्याकाळी ओसरी भरायची. सासरे एका बाजूला, सून दुसऱ्या बाजूला, मध्ये बर्टभाऊ. घरात इंग्रजी घेऊन बी.ए. झालेला मी एकटाच. त्यामुळं ग्रामोफोनला चावी भरायचं काम सर्वानुमते माझ्याकडं देण्यात आलं!